कंपनीची खिडकीपाशी, असेंबल दारापाशी

मंठ्याच्या मोंढ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान. मे महिना उतरणीला लागला की दुकानात एकच प्रश्न शंभर तोंडांनी यायचा, "शेठ, औंदा कोणतं लावावं?" मी चष्मा कपाळावर सारून एका दमात सांगून टाकायचो. कापसाचं हे घ्या, मुगाचं ते घ्या, तुरीला त्या नव्या पिशवीच्या नादी लागू नका. माणसं ऐकायची. एक वयस्कर शेतकरी होते, मी त्यांना मामा म्हणायचो. ते माझं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या सोताच्या रानात कोणतं लावलं?" मी सांगितलं की तेच उचलायचे. अख्खा तालुका ज्याच्या शब्दावर पेरतो, त्या माणसाला घरात एक कॉम्प्युटर निवडता येऊ नये, याचं नवल आमच्या घरात अजून ओसरलेलं नाही. विशेषतः बायकोचं.

गोष्ट तिच्याच क्लासची आहे. घराच्या दर्शनी लांबट खोलीत तिचा टायपिंगचा क्लास होता. आठ टाइपरायटर, पाच मराठी, तीन इंग्रजी. सकाळ-संध्याकाळ असा खडखडाट चालायचा की आमची दोन्ही लेकरं त्या आवाजात झोपायला शिकली आणि रविवारी शांततेनं दचकून जागी व्हायची. बायकोचे कान तर विलक्षण. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती ओरडायची, "तीन नंबर! करंगळीचं काम अंगठीच्या बोटानं करू नको!" आणि तीन नंबरवरची पोरगी खरंच तेच करत असायची. सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट घेऊन तिची कितीतरी मुलं तहसीलात, पंचायत समितीत चिकटली. मला उताऱ्याची नक्कल कधी लवकर मिळाली असेल तर ती माझ्या नव्हे, तिच्या ओळखीनं.

मग बसस्टँडच्या रस्त्याला, बरोब्बर आमच्या समोर, कॉम्प्युटरचा क्लास निघाला. काचेचं दार, आत एसी, बाहेर इंग्रजी पाटी. आमच्या बॅचा विरळ होत गेल्या. पोरींचे बाप दारात उभे राहून आत डोकावायचे आणि विचारायचे, "मॅडम, तुमच्याकडं कॉम्प्युटर न्हाई का?" पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, घ्यायचाय. दसऱ्याच्या सुमाराला तिसऱ्यांदा विचारणारा गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"येत्या जूनच्या बॅचला माझ्याकडं कॉम्प्युटर पाहिजेत," ती म्हणाली. "बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये जी बॅच भरते तिच्यावर वर्ष निघतं. ही बॅच समोर गेली तर मी पाटी काढून ठेवीन. वीस वर्षं झाली, पुरे."

तिची पोस्टातली ठेव सुटली होती. तेवढ्यात दोन मशीन बसत होत्या, ओढूनताणून तीन. आमच्या घरात सगळ्याच यंत्रांना मशीन म्हणायची सवय, त्यामुळे कॉम्प्युटर घरात यायच्या आधीच मशीन झाला होता.

"निवड तेवढी तुम्ही करा," ती म्हणाली. "गावाला बी निवडून देता, मला एक मशीन निवडून द्या."

मला फार बरं वाटलं. इथून पुढं जो घोळ झाला त्याला हे बरं वाटणंच जबाबदार आहे.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉम्प्युटर डोळ्यांनी बघितलेला एकच माणूस, माझा मेहुणा. जालन्याला ऑफिसात होता. त्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "दाजी, आधी चपला बाहेर काढायची सोय करा."

"का बरं?"

"आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल चालत न्हाई. धूळ जाती मशीनमध्ये."

"बरं. पण घ्यावा कोणता? कंपनीचा का असेंबल?"

"त्ये मला काय माहीत? त्या खोलीची किल्ली साहेबाकडं असती. पण एक सांगतो दाजी, सहा महिने थांबा. भाव पडून राह्यलेत."

"आणि सहा महिन्यांनी?"

"मंग अजून सहा महिने थांबायचं. अजून पडतेत."

या हिशेबानं सगळ्यात शहाणा गिऱ्हाईक तो, जो मरेपर्यंत कॉम्प्युटर घेत नाही. पण आम्हाला जून गाठायचा होता.

मी जालन्याला गेलो. असेंबल मशीन जोडून देणारा एक मिस्त्री होता, माझ्याच वयाचा, पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. अरुंद जिन्यानं वर गेलं की त्याची खोली. त्यानं मला बसवलं, चहा सांगितला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर एका मशीनचं पोट फाडलं.

"हे बघा मालक. हे डोकं, ही आठवण, हा पंखा. लपवाछपवी बिलकुल न्हाई."

"कोणत्या कंपनीचं आहे?"

"सगळ्या कंपन्यांचं," तो अभिमानानं म्हणाला. "डोकं एकाचं, पंखा दुसऱ्याचा, डबा तिसऱ्याचा."

आमच्या धंद्यात याला सरमिसळ म्हणतात आणि सरमिसळ बी विकणाऱ्याचं लायसन जातं. मी तसं बोलून दाखवलं. तो हसला.

"मालक, कंपनीवाले काय घरी पिकवतेत का? ते बी पार्ट बाहेरूनच आणतेत. डब्यात बसवतेत अन वरून सील मारतेत. सीलचे पैशे घेतेत."

इथं मी मान डोलावली. कारण बियाण्याच्या मोठमोठ्या पिशव्यांतलं बी आमच्याच आसपासच्या गावांत, आमच्याच शेतकऱ्यांच्या रानात पिकतं आणि मग पिशवीत जाऊन दामदुप्पट होतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणजे असेंबल घ्यावा, असं मी जिना उतरता उतरता ठरवलं.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादला कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दार, टाय लावलेले साहेब, ट्रेमधून पाणी. मी बियाण्याचा दुकानदार आहे हे कळल्यावर साहेब पुढं झुकले.

"सर, मग तुम्हीच सांगा. तुम्ही कुणाला सुटं बी द्याल? लेबल नाही, लॉट नंबर नाही, उगवलं नाही तर जाब कुणाला विचारायचा?"

मी रोज गिऱ्हाइकाला जे सांगतो तेच वाक्य. पिशवी जपून ठेवा, लेबल जपून ठेवा, पावती जपून ठेवा. साहेबांनी माझंच बी माझ्यात पेरलं आणि ते लगेच उगवलंही.

"बंद पडली तर?" मी विचारलं.

"पडत नाही, सर."

"पण समजा पडली."

"नाही पडत, सर."

"तरी पण एखाद्या वेळी…"

"सर, तीन वर्षांची वॉरंटी आहे."

"म्हणजे पडते?"

साहेबांनी मला आणखी पाणी मागवलं.

दोघांनीही कागदावर दर लिहून दिले होते. परतीच्या एस.टी.त मी दोन्ही कागद मांडीवर ठेवून ताडून बघू लागलो. मिस्त्रीच्या कागदावर जे पहिल्या ओळीत होतं ते साहेबांच्या कागदावर सापडेना, आणि साहेबांच्या कागदावर जे ठळक अक्षरात होतं त्याचं नावही मिस्त्रीनं काढलं नव्हतं. एकाकडं आठवण दुप्पट, दुसऱ्याकडं वॉरंटी तिप्पट. आता दुप्पट आठवणीतून तिप्पट वॉरंटी वजा कशी करायची? शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, "कोर्टाचे कागद हायेत का?" मी म्हटलं, "तसंच समजा." त्यात दोन हजार साल तोंडावर आलेलं. त्या वर्षी सगळे कॉम्प्युटर तारीख विसरून बंद पडणार, अशी पेपरात रोज बातमी. मी दोघांनाही विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, आमची मशीन तयार आहे, बाहेरच्यांचं सांगता येत नाही. मिस्त्री म्हणाला होता, "मालक, दोन हजार साल काय फक्त माझ्याच मशीनला लागणार हाय का?"

दोघांचंही पटत होतं. माझं तसंच आहे. समोर बसलेल्या माणसाचं मला नेहमीच पटतं.

"काय ठरलं?" बायकोनं दारातच विचारलं.

इथं मला माझ्या धंद्यातली युक्ती सुचली. नवी जात आली की शहाणा शेतकरी सगळं रान तिच्या स्वाधीन करत नाही. चार तास, म्हणजे चार ओळी, एका जातीच्या, चार दुसऱ्या जातीच्या लावतो आणि बघतो.

"एक कंपनीची घेऊ, एक असेंबल," मी म्हणालो. "दोन्ही शेजारी-शेजारी चालवू. मी वही ठेवतो. मे महिन्यापर्यंत जी टिकेल त्या जातीची तिसरी मशीन घेऊ. मग टाइपरायटर भंगारात देऊन टाकू, जालन्याच्या भंगारवाल्याशी मी बोललोय."

"म्हणजे तुम्हाला ठरवता आलं न्हाई."

"अगं, याला चाचणी म्हणतात."

"आमच्या माहेरी याला ठरवता आलं न्हाई असंच म्हणतेत."

ती उठली. एक नंबरच्या टाइपरायटरवरची धूळ तिनं पदरानं पुसली.

दिवाळीनंतर दोन्ही मशीन आल्या. कंपनीची मोठ्या खोक्यातून, थर्माकोलच्या गादीत बसून आली. तिला खिडकीजवळची जागा दिली. तिथली भिंत नवी, प्लग नवा. बायकोनं तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी जांभळं कव्हर शिवून आणलं. असेंबल मशीन एस.टी.च्या मागच्या सीटवर मिस्त्रीच्या मांडीवर बसून आली. तिला दाराजवळचं जुनं टेबल मिळालं, आणि भिंतीतला जुना बोर्ड. त्याच बोर्डावरून अंगणातल्या बोअरच्या मोटरला वायर गेली होती. मेहुण्याच्या हुकमाप्रमाणे सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या आणि अनवाणी आत यायचं, असा नियम मी स्वतः पाटीवर लिहिला.

वहीत मी रकाने आखले: तारीख, वेळ, मशीन, लक्षणं. लक्षणं लिहायची माझी भाषा पिकाचीच. रविवारी क्लासला सुट्टी, पण चाचणी चुकू नये म्हणून लेकरांना दोन्ही मशीनवर खेळत बसवायचो. पहिल्या आठवड्यात नोंद पडली: असेंबल, सकाळी, मान टाकली. म्हणजे चालता चालता पडदा काळा झाला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पोरीनं टाइप केलेलं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. शिवाय पोरी तक्रार करू लागल्या की दारातल्या मशीनच्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात. "मॅडम, ती मशीन चावती!" हळूहळू दाराजवळच्या स्टुलावर कुणी बसेना. कंपनीची मशीन मात्र खिडकीत लक्ष्मीसारखी बसलेली. बाराशे वेळा चालू करा, तिची तक्रार नाही.

मिस्त्रीला फोन केला की तो दुपारच्या गाडीनं हजर. त्याच्यासमोर मशीन अशी चालायची की जणू सासरा बघायला आलाय. तो चहा प्यायचा, डबा उघडायचा, फुंकर मारायचा.

"मालक, मशीन एकदम बराबर हाय."

"रोज बंद पडून राह्यली."

"माझ्यासमोर तर न्हाई पडली."

तरी त्यानं एकदा आठवण बदलली, एकदा आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. एक पैसा मागितला नाही. तिसऱ्या खेपेला तो बिचारा डबा उघडून नुसताच बघत बसला. मी वहीत लिहिलं: रोग मुळात आहे, औषध लागू नाही.

कंपनीच्या मशीनचा माऊस एकदा गेला. फोन केला, त्यांनी तक्रारीचा नंबर दिला, आणि नंबर देऊन ते निवांत झाले. तीन आठवडे बायकोनं खिडकीतल्या मशीनवर माऊसशिवाय बॅच घेतली. मग टायवाले एक गृहस्थ आले, दोन मिनिटांत नवा माऊस लावला आणि सही घेऊन गेले. मी वहीत लिहिलं: किरकोळ.

"तीन आठवडे माऊस न्हाई, ते किरकोळ?" बायकोनं विचारलं.

"कंपनीची आहे ना ती."

दोन हजार साल आलं. दोन्ही मशीन चालूच राहिल्या. आमच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र त्याच आठवड्यात बंद पडलं.

मेच्या मध्याला मी निकाल जाहीर केला. जेवायच्या आधी, वही हातात धरून, जरा खाकरून. "असेंबल बाद. तिसरी मशीन कंपनीचीच. सोमवारी औरंगाबादला जातो. महाग आहे, पण महाग बी उगवतं."

"बघू ती वही," बायको म्हणाली.

टायपिंगचे पेपर तपासून तपासून तिला एक खोड लागलेली. कागद हातात आला की लाल पेन शोधते. तिनं वही तांदळाच्या ताटाशेजारी ठेवली आणि निवडता निवडता वाचू लागली. मी वाट बघत बसलो. कौतुक होईल अशी थोडी आशा होती. थोड्या वेळानं तिनं तांदूळ बाजूला सारले आणि लाल पेनानं गोल काढायला लागली. एक, दोन, दहा, पंधरा.

"हे काय लिहिलंय?"

"वेळ. असेंबल बंद पडायची."

"पावणेआठ. पावणेआठ. सात चाळीस. पावणेआठ. रविवारी साडेआठ. परत पावणेआठ." ती वर बघून म्हणाली, "रोज सकाळी पावणेआठला तुम्ही काय करता?"

"मी? काही नाही. उठतो, दात घासतो…"

"मंग?"

"मग टाकी भरायला मोटर…"

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. रविवारी मी उशिरा उठतो, हे तर सगळ्या गल्लीला माहीत.

मोटर चालू झाली की जुन्या बोर्डावरची वीज सगळी ती ओढून घ्यायची आणि शेजारची मशीन मान टाकायची. मिस्त्री दुपारच्या गाडीनं यायचा. दुपारी मोटर बंद असायची. सहा महिने मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं त्या मशीनचा गळा दाबत होतो आणि लगेच आत येऊन वहीत लिहीत होतो की बघा, पुन्हा मेली.

"शेतकऱ्याला काय सांगता तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "दोन जाती ताडून बघायच्या तर काय पाहिजे?"

"जमीन सारखी पाहिजे," मी खाली बघून म्हणालो. "पाणी सारखं पाहिजे."

"अन तुम्ही एक जात काळ्या रानात लावली अन दुसरी मुरमाड बरडावर. वरून पाणी तोडलं."

"पण मग मुंग्या? डबा चावतो त्याचं काय?"

"उद्या मशीन अदलाबदल करा. कळंल."

दुसऱ्या दिवशी असेंबल खिडकीत गेली आणि कंपनीची, कुंकू-कव्हरासकट, दारात आली. पावणेआठला मला अंगणात मोटरपाशी उभं केलं. बायको अनवाणी कंपनीच्या मशीनसमोर बसली आणि आतून ओरडली, "करा चालू!"

मी बटण दाबलं. आतून आवाज आला, "गेली!" इतक्या आनंदानं ती काही गेल्याचं सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी धावत आत गेलो तर तिनं डब्याला बोट लावून पटकन मागं घेतलं. "अन चावली! कंपनीची बी चावती!" खिडकीत असेंबल मशीन अशी शांत चालत होती की तिला जन्मात कधी सर्दी झाली नसेल.

वायरमनला बोलावलं. त्यानं जुना बोर्ड उघडला आणि आत बघितलं. "इथं अर्थिंगची वायरच जोडलेली न्हाई," तो म्हणाला. "तिसरं भोक नुसतं देखाव्याला हाय. अनवाणी माणसाला मुंग्या येणारच. कोणी केली ही फिटिंग?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. ती खोली बांधली तेव्हा वायरमनची मजुरी वाचवून सगळी फिटिंग मीच केली होती, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगितलंही होतं.

आता बॅचला दहा-बारा दिवस राहिले होते आणि माझी वही रद्दी झाली होती. कंपनीची चांगली का असेंबल, हे मला दिवाळीत जितकं माहीत होतं त्यापेक्षा आता कमी माहीत होतं. दिवाळीत निदान दोन मतं होती. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "परत सहा महिने चाचणी घ्यावी लागेल. सारख्या जमिनीत."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून दुकानात गेलो.

तिसऱ्या मशीनच्या पैशाचं तिनं जे केलं ते मला संध्याकाळी कळलं. अंगणात खड्डा खणलेला, त्यात मीठ-कोळसा घालून वायरमन अर्थिंग पुरत होता. मोटरची लाईन वेगळी काढलेली. आणि जालन्याहून टाइपरायटरचा कारागीर येऊन खोलीभर सांगाडे मांडून बसलेला. रिबिनी नव्या, रबरी रोल नवे, आठही मशीनला तेल.

"अगं, लोक कॉम्प्युटरसाठी येऊन राह्यले अन तू टाइपरायटर सजवते?" मी म्हणालो. "तिसरी मशीन? अन तो भंगारवाला टेंपो घेऊन येणार आहे."

"त्याला सांगा येऊ नको. अन तुमच्या वहीत एक रकाना राह्यला."

"कोणता?"

"लाईट."

मला काही उमगलं नाही. मला वाटलं ती बिलाबद्दल बोलतेय.

जूनमध्ये नावं घालायला लोक आले. मी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं. दारात माझे ते मामा उभे होते, सोबत बारावी झालेली नात. त्यांनी वाकून आत बघितलं. खिडकीत एक मशीन, दारापाशी एक, आणि भिंतीला ओळीनं टाइपरायटर. बायको सकाळच्या बॅचला शिकवत होती.

"मॅडम, ह्या मशीन कंपनीच्या का साध्या?"

"शेठला विचारा. त्यांनीच निवडल्यात," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मामा माझ्याकडं वळले. नेहमीचंच. "बोला शेठ. घरात कोणती लावली?"

"दोन्ही, मामा. एक ही, एक ती."

"बरं. मंग चांगली कोणती?"

मी तोंड उघडलं. वीस वर्षांच्या धंद्यात जे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं ते बाहेर पडलं. "मामा, खरं सांगू? मला नाही सांगता येत."

"आँ?" मामांनी नातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजी तुम्हालाबी न्हाई समजलं!" त्यांनी मिशीला हात लावला. "समोरचा तर म्हणला, त्याच्याकडच्या समद्या कंपनीच्या हायेत." आणि त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून चपलेत घातला. नात त्यांच्यामागं वळली. मी बायकोकडं बघायचं टाळलं. मामांच्या मागं अजून तिघं-चौघं बाप उभे होते, आणि मामा जिकडं जातील तिकडं ते जाणार, हे मला दुकानाच्या अनुभवावरून माहीत होतं.

तेवढ्यात लाईट गेली.

त्या दिवसांत ती रोजच जायची, कधी दोन तास, कधी चार. पंखा थांबला, दोन्ही पडदे एकाच क्षणी काळे झाले. कंपनीची आणि असेंबल, दोघींनी बरोबरीनं मान टाकली. समोरचं काचेचं दार उघडलं आणि पोरं-पोरी वहीनं वारा घेत रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे सर दारात उभे राहून खांबाकडं बघू लागले.

आमच्या खोलीत बायकोनं एकदाच टाळी वाजवली. "स्टुलं फिरवा!"

कॉम्प्युटरवरच्या दोघी उठून टाइपरायटरवर बसल्या, अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू. तिनं कॉम्प्युटरवर मराठी बसवून घेतानाच मिस्त्रीला सांगून टाइपरायटरचीच अक्षरं त्याच जागी लावून घेतली होती, हे मला त्या क्षणी कळलं. बोटांना फरकच नव्हता. आठही मशीनचा खडखडाट सुरू झाला, नव्या रिबिनींचा, तेल दिलेला. रस्त्यावरची वारा घेणारी पोरं आमच्या दाराकडं बघू लागली.

मामांनी चपलेतला पाय काढून परत उंबऱ्याच्या आत ठेवला. बराच वेळ ऐकत राहिले.

"ह्या कोणत्या?" त्यांनी टाइपरायटरकडं बोट केलं.

"ह्या? ह्या तिनं निवडल्यात."

"मंग हे आधी सांगायचं न्हाई का!" मामा म्हणाले आणि नातीला पुढं ढकललं. "जाय, नाव लिही."

ती बॅच भरली. पाटी अजून आहे, तिच्यावर आता टायपिंगच्या आधी कॉम्प्युटर लिहिलंय. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. अर्थिंग झाल्यावर दोन्ही मशीन वर्षानुवर्षं चालल्या. असेंबल मशीनचं एकेक बदलत गेलं, आधी पंखा, मग पडदा, मग डोकं, मग आठवण. शेवटी पहिल्या दिवशीचा फक्त डबा उरला आणि तो अजून चालतो. कंपनीच्या मशीनचं, एक तो माऊस सोडला तर, काही बदलावं लागलं नाही. ती एका सकाळी उठली नाही आणि तिचे पार्ट आता निघत नाहीत असं साहेबांनी सांगितलं. आता यात टिकली कोणती म्हणायची? मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, सहा महिने थांबा.

त्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामा बियाण्याला आले. गर्दी होती. मी चष्मा कपाळावर सारला, पण काही बोलायच्या आधी त्यांनीच हात वर केला.

"दोन पिशव्या द्या. दोन जातीच्या. एकाच रानात, एकाच दिवशी लावतो, दोन्हीला सारखं पाणी देतो," ते म्हणाले. पिशव्या खांद्यावर घेऊन ते निघाले आणि पायरीवरून वळून, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नातीनं समदं सांगितलं, शेठ. रानात बघायला या. फक्त मोटरीला हात लावू नका."